आवाज लावणारे चाचा

नांदेडला मी गाण्याचा हॉल चालवतो असं सांगितलं की लोकांना लग्नाचा हॉल वाटतो. मग सांगावं लागतं, लग्नं नाही, नुसतं गाणं. दीडशे खुर्च्या, फूटभर उंचीचं स्टेज आणि महिन्याला पाच-सहा कार्यक्रम. कधी गझल, कधी कव्वाली, कधी अभंग, कधी विष्णुपुरीच्या इंजिनियरिंग कॉलेजातल्या पोरांचा गिटारवाला बँड. "चालतो का?" हा त्यानंतरचा प्रश्न ठरलेला. चालतो, म्हणजे अजून बंद पडलेला नाही.

ती जागा आधी सरकीचं गोदाम होती. मी तेव्हा कॉलेजातली नोकरी सोडली होती आणि घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. आमच्याकडे तीन पिढ्यांची मास्तरकी. नोकरी सोडून गोदाम भाड्यानं घेणारा मीच पहिला. ते गोदाम बघायला मी एका लाऊडस्पीकरवाल्या चाचांना घेऊन गेलो. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांचंच साऊंड असायचं, एवढीच आमची ओळख. चाचा आत गेले आणि त्यांनी एकदा टाळी वाजवली. थांबले. दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा वाजवली. असे चारही कोपरे झाल्यावर म्हणाले, "सर, इथं आवाज पळून राहिलाय. त्याला बसवावं लागंल."

चाचांचे वडील पिंजारी होते. कापूस आवाजाचं काय करतो हे चाचांना लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांनी भिंतींवर लाकडी चौकटी ठोकल्या, त्यात गाद्यांमधला जुना कापूस भरला आणि वरून जाड कापड ताणलं. कुठं किती भरायचा हे ते टाळी वाजवून ठरवत. पंधरा दिवस हे चाललं. शेवटी मधोमध उभे राहून त्यांनी एक टाळी वाजवली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बसला."

पुढं दहा-अकरा वर्षं हॉलमधला आवाज त्यांच्याच हातात होता. शेवटच्या रांगेमागं एक टेबल, त्यावर मिक्सर. त्याला ते 'मशीन' म्हणत. गाणारा स्टेजवर बसला की चाचा आधी त्याला नुसतं बोलायला लावायचे. कुठून आलात, काय खाल्लं, रस्ता कसा होता. तेवढ्यात त्यांची बोटं मशीनवर फिरायची. "गाणाऱ्याला आपण माईकसमोर बसलोय हे विसरता आलं पाहिजे," एवढं एकच तत्त्व ते सांगायचे. आणि खरंच, बाहेरगावचे कलाकार जाताना आधी चाचांना नमस्कार करायचे, मग मला.

हॉल बरा चालू लागला तसं मी लातूरलाही एक जागा घेतली. लातूर माझं जन्मगाव, तिथं आपला एक हॉल असावा ही हौस होती. दर पंधरा दिवसांनी चाचा आणि मी एसटीनं जायचो. तिथंच मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. बासरीचा कार्यक्रम होता. तो संपल्यावर बासरीवाले मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, राग मानू नका. पण आज बासरी टोचत होती. माझीच मला."

मलाही ती टोचली होती. मला वाटलं, जागा नवीन आहे, अजून बसलेली नाही. नंतर वर्षभरातच मालकानं ती जागा शिकवणीच्या क्लासला देऊन टाकली. लातुरात क्लासवाल्यापुढं गाणं कुठं टिकणार? मी मुकाट्यानं किल्ल्या दिल्या. बासरीची गोष्ट त्या गडबडीत मागं पडली.

पण मग नांदेडलाही तेच सुरू झालं. गाण्यातले वरचे सूर काचेसारखे कानात घुसू लागले. शब्दात 'स' आला की माईकमधून फुत्कार यायचा. पहिल्या रांगेतल्या एक-दोन बायका हळूच कानावर पदर घ्यायच्या. मी मागं वळून चाचांकडं बघायचो. ते समाधानानं बसलेले असायचे. त्यांना फोन केला की "काय?" असं दोनदा विचारायचे. मागून हाक मारली तर वळायचे नाहीत. मला कळलं होतं. मला नक्की कोणत्या दिवशी कळलं ते सांगता येणार नाही, पण कळलं होतं.

सांगायचं कसं? ज्या माणसाचा कान हाच त्याचा सगळा धंदा, सगळी अब्रू, त्याला कोणत्या तोंडानं म्हणायचं की चाचा, तुम्हाला ऐकू येत नाही? दर वेळी ठरवायचो, आज बोलू. चाचा डबा उघडायचे, त्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं करायचे आणि ते राहून जायचं.

मग मी एक केलं. मध्यंतरात चाचा नमाजाला किंवा चहाला बाहेर गेले की मी चोरासारखा मशीनपाशी जायचो आणि ट्रेबलची, म्हणजे वरच्या आवाजाची, खुंटी थोडी मागं फिरवायचो. दुसऱ्या भागात गाणं ऐकण्यासारखं व्हायचं. चाचा परत येऊन बसायचे, डोकं तिरकं करायचे, कपाळाला आठी पडायची आणि पाच मिनिटांत खुंटी पुन्हा जागेवर जायची. पुढच्या कार्यक्रमाला मी पुन्हा फिरवायचो. जवळजवळ वर्षभर आमचं असं चाललं होतं, एकमेकांशी एक शब्दही न बोलता.

एकदा चाचा मला म्हणाले, "सर, कोणतरी मशीनला हात लावून राहिलंय."

"कोण लावणार?"

"तेच म्हणतो ना. मी ठेवतो एका जागेवर, आल्यावर भलतीकडंच."

मी म्हणालो, "झाडताना, पुसताना लागला असेल धक्का."

हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघालं. हॉल झाडायला एक मावशी येत. नवरा वारलेल्या, शांत बाई, पहिल्या दिवसापासून आमच्याकडं. दुसऱ्या दिवशी चाचांनी त्यांना विचारलं. विचारलं म्हणजे चढ्या आवाजात विचारलं. अलीकडं त्यांचं साधं बोलणंही चढ्या आवाजातच असायचं. मावशी फडकं हातात धरून उभ्या होत्या.

"मी कशाला लावू हात? मला त्यातलं काय कळतंय?"

"मग खुंटी आपोआप फिरती काय?"

"मला न्हाई ठाऊक. मी त्या टेबलाला शिवत बी न्हाई."

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मी हॉलचा मालक, मी शिकलेला, मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असणार. मी खुर्च्यांच्या रांगा नीट करत राहिलो. आठवडाभर मावशी आल्या आणि मग यायच्या बंद झाल्या. निरोप आला, गुडघे दुखतात. चाचांनी मशीनवर घालायला जाड कापडाची खोळ शिवून आणली आणि मध्यंतरातही टेबल सोडेनासे झाले.

अशातच उमरीच्या बाईंचा कार्यक्रम ठरला. उमरीतल्या एका शाळेत त्या संगीत शिकवायच्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत प्रार्थना आणि स्वागतगीतं बसवली, पण स्वतः तासभर बसून, लोकांसमोर, आपल्या मनाचं असं कधी गायल्या नव्हत्या. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मला फार गळ घातली. मी उमरीला जाऊन त्यांचं गाणं ऐकलं. आवाज बारीक होता, वयानं थोडा कापरा, पण काय सुरेल! समोर बसून कुणी हळूच काही सांगावं तसं गायच्या. मी रविवारी सकाळची वेळ दिली.

त्या सकाळी हॉल भरला होता. उमरीहून दोन जीप भरून माणसं आली होती. बाई पांढऱ्या साडीत होत्या, हातात वही. चाचांनी नेहमीसारखं त्यांना बोलतं केलं. "बाई, किती वाजता निघालात?" बाईंनी हळू आवाजात काहीतरी सांगितलं. चाचांनी मान हलवली आणि खुंट्या वर नेल्या.

पहिलं गाणं कसंबसं झालं. दुसऱ्यात बाई वरच्या सुरावर गेल्या आणि माईकनं शिट्टी धरली. ज्यांनी साऊंडचं काम बघितलंय त्यांना माहीत आहे, अशी शिट्टी यायला लागली की क्षणात आवाज खाली आणायचा असतो, नाही तर ती वाढतच जाते. ती वाढत गेली. लोकांनी कानावर हात ठेवले. एक लहान पोर रडायला लागलं. सगळी माणसं वळून मागं बघायला लागली, आणि मागं चाचा बसले होते, हसऱ्या चेहऱ्यानं, बाईंकडं कौतुकानं बघत.

त्यांना ती शिट्टी ऐकूच येत नव्हती.

मी बाजूच्या भिंतीपाशी होतो. तिथून टेबलापर्यंत पंधरा पावलं असतील. माझे पाय हलले नाहीत. मी धावत जाऊन मशीन बंद केलं तर दीडशे माणसांसमोर सगळं उघडं पडणार होतं, आणि नाही गेलो तर हे असंच. शेवटी पहिल्या रांगेतल्या कुणीतरी उठून स्टेजवरची माईकची वायरच उपटली. एकदम शांत झालं. बाई गायच्या थांबल्या होत्या. त्यांनी वही मिटली आणि माईक नसलेल्या त्या शांततेत विचारलं, "माझं काही चुकलं का?"

हॉलमध्ये सगळ्यांना ते ऐकू आलं, एक चाचा सोडून. त्यांना वाटलं बाई पाणी प्यायला थांबल्यात. त्यांनी मला खूण केली, बाईंना पाणी द्या.

राहिलेलं गाणं बाईंनी माईकशिवाय म्हटलं, तेही अर्धंच. मी स्टेजपाशी जाऊन त्यांची माफी मागितली, मशीन बिघडलं असं म्हणालो. त्या म्हणाल्या, "असू द्या हो. या वयात हे करायलाच नको होतं." नंतर मी त्यांना दोनदा फोन केला, पुन्हा या म्हणून. दोन्ही वेळा त्या घशाचं कारण सांगत राहिल्या. त्या पुन्हा कुठं गायल्याचं मी ऐकलं नाही.

माणसं गेल्यावर चाचा वायर गुंडाळत होते. हात नेहमीसारखे चालू, नजर खाली. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनीच विचारलं, "शिट्टी होती ना?"

मी मान हलवली.

"मोठी होती?"

मी पुन्हा मान हलवली. त्यांनी वायरचं वेटोळं खाली ठेवलं आणि खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "नांदेडात दाखवायचं नक्को सर. इथं सगळे ओळखतात."

म्हणून आम्ही लातूरला गेलो. कानाच्या डॉक्टरांकडं एक लहानशी काचेची खोली होती. चाचांना आत बसवलं, कानावर हेडफोन लावला, हातात एक बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर तपासणारी मुलगी यंत्रापाशी बसली होती आणि तिच्या मागं मी. ती आवाज सोडायची तेव्हा यंत्रावर एक दिवा लागायचा. चाचांनी बटण दाबलं की दुसरा. सुरुवातीला दोन्ही दिवे बरोबर लागत होते. मग पहिला लागायचा आणि दुसरा लागायचाच नाही. आत चाचा अंगठा बटणावर ठेवून, मान थोडी पुढं काढून, डोळे बारीक करून बसले होते. कलाकार तंबोरा जुळवत असताना ते टेबलापाशी असेच बसायचे.

थोड्या वेळानं पुन्हा दोन्ही दिवे लागू लागले. मला केवढा आनंद झाला! पण त्या मुलीनं हात थांबवला आणि आत जाऊन चाचांची खुर्ची भिंतीकडं वळवली. परत येऊन मला म्हणाली, "माझा खांदा हलला की दाबत होते." नंतर चाचांची फक्त पाठ दिसत होती. एकटा पहिला दिवा लागत राहिला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आतली नस थकली आहे, वरचे आवाज गेले आहेत, औषध नाही. चौदाव्या वर्षापासून लग्न-मिरवणुकांत भोंग्याशेजारी उभं राहून काम केलं, त्याचं हे. कानात यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं कळेल. मी विचारलं, "आणि गाणं?" डॉक्टर म्हणाले, "गाण्याचं मी सांगू शकत नाही."

परतीची एसटी अहमदपूरला थांबली. कंडक्टर म्हणाला, वीस मिनिटं. आम्ही स्टँडवर चहा घेतला. चाचा एकदम म्हणाले, "त्या मावशीला उगाच बोललो मी. माझ्याच हातानं होत असंल. ऐकू येत नाही, तर खुंटी कुठं होती ते तरी कुठं ध्यानात राहणार."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "चाचा, खुंटी मी फिरवायचो."

"काय?"

स्टँडवर गाड्यांचा गोंधळ होता. मी मोठ्यानं म्हणालो, "खुंटी मी फिरवायचो!"

"क्या बोले?"

मी ओरडलो. चहावाला, बाकावरच्या दोन बाया, सगळे बघायला लागले. वर्षभर जे एका माणसाला कानात सांगता आलं नाही, ते मी अहमदपूरच्या भर स्टँडवर ओरडून सांगितलं. सगळं सांगितलं. बासरी, पदर घेणाऱ्या बायका, मध्यंतरातली चोरी, मावशी.

चाचांच्या हातातला चहा तसाच राहिला. ते रागावले तेव्हा त्यांचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की मलाच पुढं वाकावं लागलं.

"एक साल, सर. एक साल मी लोकांच्या कानात खिळे ठोकून राहिलो, आणि तुम्ही बघत होतात?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मला वाईट वाटंल म्हणून! आणि ती म्हातारी बाई? तिला काय वाटलं असंल? सर, मला ऐकू येत नव्हतं. तुम्हाला तर येत होतं ना?"

गाडी सुटेपर्यंत आणि सुटल्यावर नांदेडपर्यंत आम्ही एकाच बाकावर बसलो होतो, आणि ते खिडकीकडं तोंड करून होते.

दुसऱ्या दिवशी चाचा मावशींच्या घरी जाऊन आले. मी जायला हवं होतं. मी दोन दिवसांनी गेलो. मावशींनी मला बसायला पाट दिला, चहा केला. मी बोलायला सुरुवात केली तर म्हणाल्या, "चाचा सांगून गेले समदं. राहू द्या सर." कामावर पुन्हा याल का विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई. आता दुसरीकडं लागले मी." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

चाचांनी यंत्र लावलं. त्यांना घरातलं बोलणं ऐकू येऊ लागलं, फोन कळू लागला, नातीचे बोबडे शब्द त्यांनी पहिल्यांदा नीट ऐकले. त्या दिवशी ते पेढे घेऊन आले होते. मला वाटलं, आता सगळं मार्गी लागेल. आठवड्यानं गझलचा कार्यक्रम होता. चाचा टेबलामागं बसले. पहिला आलाप सुरू झाला आणि त्यांनी कानातलं यंत्र काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. मग उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सर, हे पत्र्यावर वाळू टाकल्यासारखं वाजतंय. कोणीतरी दुसरा बसवा." आणि खिशातून मशीनची खोळ बांधायची दोरी काढून माझ्या हातात दिली. ती ते नेहमी स्वतःजवळ ठेवायचे.

आता विष्णुपुरीच्या कॉलेजातून शिकून निघालेला एक इंजिनियर आवाज बघतो. हुशार आहे, लॅपटॉपवर रेषा बघून सगळं लावतो. आवाज उत्तम असतो, कुणाची तक्रार नाही. त्याला मी एकदाही काही सांगितलेलं नाही, सांगावं असं काही नसतंच.

चाचा मात्र अजून येतात. मी बोलावत नाही, येऊ नका असंही म्हणत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी चारच्या सुमाराला ते हजर असतात. खुर्च्या लावतात, वायरी सरळ करतात, पावसाळ्यात चौकटींमधला कापूस ओलसर झालाय का ते हात लावून बघतात. मावशींनी काम सोडल्यापासून झाडायला कुणी टिकत नाही, तर कधी कधी झाडूही मारतात. मी हातातून झाडू घेतला तर घेऊ देतात, पण थोड्या वेळानं पुन्हा त्यांच्याच हातात दिसतो. आम्ही बोलतो, भाकरी वाटून खातो. अहमदपूरचा विषय कधी निघत नाही. त्यांनी मला माफ केलं की नाही मला माहीत नाही, आणि विचारायची माझी हिंमत होत नाही.

साडेसहाला लोक यायला लागतात. जुने रसिक चाचांना सलाम करतात, तब्येत विचारतात. कलाकार स्टेजवर बसतो, तबला जुळायला लागतो. तेवढ्यात चाचा चपला घालतात.

मागच्या महिन्यात मी त्यांना दारात अडवलं. म्हणालो, "चाचा, बसा की आज. यंत्र काढून बसा हवं तर. जेवढं येईल तेवढं."

ते म्हणाले, "बसून बघितलं सर. तबला कळतो. पण गाणाऱ्याचं नुसतं तोंड हलताना दिसतं. मग त्याचाच राग यायला लागतो. त्याची काय चूक?"

"मग इतक्या लवकर येऊन एवढं सगळं का करता?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझा प्रश्न ऐकू आला की नाही ते समजलं नाही. "चलतो," म्हणाले आणि पायऱ्या उतरले. आतून कलाकारानं पहिला सूर लावला होता. रस्त्यावरचा आवाज आत येतो, म्हणून मला दार लावावं लागलं.